पायरी उतरणारं पत्र

कर्जाचं पत्र आता वाचणाऱ्यालाच वाचत असे. नियमच होता तसा. ग्राहकाला खरोखर कळल्याशिवाय त्याची संमती धरायची नाही. म्हणून वित्तसंस्थेचा ईमेल उघडला, की पडद्यावरचा कॅमेरा डोळ्यांची हालचाल टिपायचा. कळलेल्या शब्दावरून नजर पुढे सरकते, न कळलेल्यावर अडखळून मागे फिरते. त्या चालीला ‘वाचनठसा’ म्हणत. नजर फारच अडखळली, की पत्र स्वतःला एक पायरी सोपं करून पुन्हा लिहायचं. पायऱ्या एकूण सात.

अप्पांसाठी ते सहाव्या पायरीवर आलं होतं.

अप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. त्यांच्या मुलीला, उत्तराला, फिजिओथेरपीचा दवाखाना काढायचा होता आणि कर्जाला तारण होतं अप्पांचं घर.

‘मुलीने पैसे दिले नाहीत, तर तुमचं घर जाईल. चालेल का?’

“स्वल्पविराम बरोबर दिलाय,” अप्पा म्हणाले आणि पुन्हा पहिल्या शब्दापाशी गेले.

उत्तराने वित्तसंस्थेला फोन लावला. या पत्राची रचना करणाऱ्या डॉ. बोरवणकर बोलायला आल्या.

“अहो, माझ्या वडिलांनी उभा जन्म लोकांच्या चुका काढल्यात. तुमच्या पत्राचंच काहीतरी बिघडलंय.”

“ताई, अक्षरं त्यांना दिसतायत. वाक्य शेवटापर्यंत डोक्यात टिकत नाहीये. एकदा डॉक्टरांना दाखवा. सातव्या पायरीवरही कळलं नाही, तर अर्ज रद्द होईल.”

“शेजारी बसून समजावलं तर?”

“समजावा की. वाचायचं मात्र त्यांचं त्यांनी.”

उत्तरा “बरं” म्हणाली. जागेची अनामत भरून झाली होती.

ती अप्पांना चिकटून बसली. लहानपणी ते तिला वाचायला शिकवताना ओळीखालून बोट फिरवायचे, तसंच तिने आपलं बोट पडद्यावर ठेवलं.

“अप्पा, माझ्या बोटाकडे बघत यायचं. मध्ये थांबायचं नाही.”

त्यांची नजर मुकाट्याने बोटामागून चालली. हिरवी खूण उमटली.

“पास झालो का गं?”

“हो,” ती म्हणाली. त्यांच्याकडे बघणं काही तिला जमलं नाही.

बोटामागून जाणारी नजर एकाच वेगाने सरकते, समजून वाचणारी तशी कधीच सरकत नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि अशी लबाडी सापडली, तर ती ग्राहकाला, त्याला कळेल अशाच शब्दांत, कळवण्याचं बंधन वित्तसंस्थेवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र आलं. उत्तराने फोन घ्यायला हात पुढे केला. अप्पांनी तिचा हात हलकेच बाजूला सारला आणि चष्मा लावला.

‘तुमची मुलगी बोट फिरवत होती. तुम्हाला कळत नव्हतं. तिला ते माहीत होतं.’

त्यांची नजर तिन्ही वाक्यांवरून सावकाश गेली. एकदाही मागे फिरली नाही. खाली आपोआप हिरवी खूण उमटली.

अप्पांनी फोन तिच्यापुढे धरला.

“मला तरी यात एकही चूक दिसत नाही. तू बघ एकदा.”