नोट चालत नाही

कॅशियरबाई सकाळी साडेनऊला मैदानावर पोचल्या तेव्हा बर्फवाला गोणपाटावर लादी फोडत होता. "चहा झाला?" त्याने विचारलं. "झाला," त्या म्हणाल्या. झाला नव्हता. त्यांनी पर्स काउंटरखाली ठेवली, चष्मा पुसला, पैसे घ्यायचं मशीन सुरू केलं आणि चिठ्ठ्यांचा कागद नीट बसलाय ना ते पाहिलं. तीस वर्षं बँकेत गल्ला सांभाळलेली बाई. बसण्याआधी सगळं तपासायची सवय काही जात नाही.

संगीत महोत्सवाचा तो तिसरा, शेवटचा दिवस. गावाबाहेरचं उघडं मैदान, दोन टोकांना दोन स्टेज, मध्ये पेयांचे स्टॉल. इथे पैसे चालत नसत. म्हणजे खरे पैसे. फाटकातून शिरताना प्रत्येकाच्या मनगटाला एक कापडी पट्टी बांधत, तिच्यात नखाएवढी चकती असे. रिचार्जच्या खिडकीवर पैसे भरायचे, ते चकतीत जायचे, आणि मग बिअर घ्या, सरबत घ्या की नुसतं पाणी घ्या, मशीनसमोर मनगट धरायचं. टिंग वाजलं की पैसे वळते. सुट्ट्यांची कटकट नाही, नोटा मोजून बोटं काळी होणं नाही. कॅशियरबाईंना ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली होती.

मग गेल्या वर्षीचं ते झालं.

तेव्हाही शेवटचाच दिवस होता. ऊन असं, की तंबूच्या खिळ्याला हात लागला तरी चटका बसावा. दुपारी रिचार्जच्या खिडक्या बंद पडल्या. एकच सुरू राहिली आणि तिची रांग पार स्टेजपर्यंत गेली. अशात एक बाई काउंटरवर आल्या. पन्नाशीच्या, एकट्या, डोक्यावर रुंद काठाची सुती टोपी. शाळेत शिकवत असतील असा चेहरा. त्यांनी पट्टी धरली. मशीनने शिल्लक शून्य दाखवली. मग त्यांनी एक नोट काढून काउंटरवर ठेवली आणि ग्लासभर पाणी मागितलं.

"नोट चालत नाही," कॅशियरबाई म्हणाल्या.

बाईंनी नोट पुढे सरकवली. उरलेले परत नकोत, असंही म्हणाल्या. कॅशियरबाईंनी नोट मागे सरकवली. संध्याकाळी त्या बाई सामानाच्या शेडमागे भिंतीला टेकलेल्या सापडल्या. टोपी मांडीवर होती, नोट मुठीत. डॉक्टर म्हणाले, उष्माघाताने गेल्या. चौकशी झाली, कॅशियरबाईंनी जबाब लिहून दिला, आयोजकांनी कुणाचाच दोष नाही असं ठरवलं, आणि विषय मिटला.

मग या वर्षी कॅशियरबाई परत आल्या कशाला? नसत्या आल्या तर लोक म्हणाले असते, बाईंनी मनाला लावून घेतलंय. आणि लावून घेतलंय म्हणजे काहीतरी असणारच. म्हणून आल्या. शिवाय काम करणाऱ्यांच्या घरच्यांना पास फुकट होता, आणि धाकटीला गाणी ऐकायची होती. धाकटी म्हणजे त्यांची मुलगी. थोरली लग्न होऊन गेलेली, घरात या दोघीच. धाकटीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, यांनी पाठवायला साफ नकार दिला होता, आणि पंधरा दिवस घरात अबोला होता. पास जेवणाच्या टेबलावर ठेवला, तो तिने न बोलता उचलला. पंधरा दिवसांत तेवढाच काय तो व्यवहार.

दुपारी तीनच्या सुमाराला एक दाढीवाला तरुण आला. त्याने लिंबाचं सरबत मागितलं. कॅशियरबाईंनी आकडा दाबला, मशीन पुढे केलं. तो अजून बाही वर करत होता, तोच मशीन वाजलं. टिंग. हिरवी खूण.

"अहो, मी हातच लावला नाही!" तो हसला.

"लांबून लागलं असेल."

त्याने फोनवर पाहिलं. "नाही काकू, माझे पैसे आहेत तेवढेच आहेत. कुणीतरी दिलदार भेटलेलं दिसतंय." ग्लास उचलून तो गाण्याच्या तालात मान हलवत निघून गेला.

चिठ्ठी बाहेर आली होती. पट्टीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे होते सहा, शून्य, एक, आठ. आधीची शिल्लक शून्य. नंतरची शिल्लक शून्य.

बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला चेहरे विसरता येतात, आकडे नाही. हेच चार आकडे त्यांनी गेल्या वर्षी जबाबात लिहिले होते. कॅशियरबाईंनी चिठ्ठीची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि ती मुठीत दाबून धरली.

पुढच्या अर्ध्या तासात तसं पाच वेळा झालं. मध्येच मशीन दुरुस्त करणारा येऊन गेला. त्याने मशीन उलटंसुलटं करून पाहिलं, आकडा कुठल्याशा यादीत शोधला आणि खांदे उडवले. "या वर्षी असली पट्टी निघालेलीच नाही. मशीन तापलं असेल. ओलं फडकं ठेवा त्याच्यावर." त्यांनी ठेवलं. फडकं ठेवलेल्या मशीनने पुन्हा टिंग केलं. समोर त्या वेळी कुणी नव्हतं. एक पोरगी दहा पावलांवरून स्टॉलकडे येत होती. ती पोचली आणि म्हणाली, "एक पाणी द्या ना."

आणि एक वास येऊ लागला. लिंबाचा नाही, बिअरचा नाही. गरम इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की सुती कापडाला येतो, तसा.

दाढीवाला परत आला. मग परत आला. चौथ्या खेपेला त्याने स्वतःची पट्टी मशीनला लावली, जागच्या जागी दोन ग्लास रिकामे केले आणि काउंटर धरून उभा राहिला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. ओठांवर पांढरी साल धरली होती.

"काकू... जातच नाहीये."

"काय?"

"तहान. पितोय, पण ती... घशाच्या खाली उतरतच नाहीये."

त्याच्यामागे ती दहा पावलांवरची पोरगी उभी होती. तिच्यामागे आणखी तिघं. कॅशियरबाईंनी ओळखलं, ज्यांचे ज्यांचे पैसे आपोआप भरले गेले होते, तीच ही माणसं. सगळे नुसते ग्लासांकडे बघत होते.

बर्फवाला जवळ सरकला. त्याचे हात थंडीने लाल झाले होते. "बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "गेल्या वर्षीच्या त्या टोपीवाल्या..."

"गप्प बसा तुम्ही."

"मी काही म्हणत नाही. पण मघापासून कोपऱ्यावर कुणीतरी उभं आहे असं वाटतं... बघायला गेलं की नसतं."

"तुम्ही बर्फ फोडा."

तेवढ्यात धाकटी आली. उन्हाने लाल झालेली, केस कपाळाला चिकटलेले. आईकडे न बघता तिने बर्फवाल्याला सांगितलं, "काका, एक सरबत. बर्फ जास्त." त्याने सवयीने ग्लास भरला आणि पुढे केला. कॅशियरबाईंनी आकडा दाबलाच नाही. मशीन उचललं आणि पोटाशी धरलं, पडदा आत करून, दोन्ही हातांनी झाकून.

पोटाशी टिंग वाजलं.

"पिऊ नकोस," त्या म्हणाल्या.

धाकटीने पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "का?"

"ठेव तो ग्लास. मी घरून आणलेलं पाणी देते. ऐक माझं..."

"आता पाणीसुद्धा तुला विचारून प्यायचं का, आई?" तिने ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. रिकामा ग्लास आपटून ती गर्दीत शिरली.

कॅशियरबाई पर्स उचलून काउंटरखालून वाकून बाहेर आल्या. नोकरीत कधी गल्ला उघडा टाकून उठल्या नव्हत्या, आज उठल्या. पण गर्दीत माणूस शोधणं सोपं नसतं. एका स्टॉलवर कळलं, लाल झालेली मुलगी येऊन तीन ग्लास पिऊन गेली. पुढच्यावर चार. त्याच्या पुढच्यावर स्टॉलवाला वैतागला होता. "पट्टी रिकामी झाली तरी हलेना. शेवटी लोकांचे उष्टे ग्लास उचलायला लागली हो! तुमची कोण ती?"

"माझी मुलगी," त्या म्हणाल्या, आणि पुढे कुठे बघायचं हे त्यांना एकदम कळलं.

शेडमागे सावली होती. स्टेजवरचा आवाज इथे नुसता जमिनीतून पायांना कळायचा. करपल्या कापडाचा वास दाट झाला होता. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढे पसरून, हात मांडीवर. कुर्ता पुढून सगळा पाण्याने भिजलेला, आणि ओठ मात्र फुटलेले.

"आई... पाणी."

त्यांनी पर्समधली बाटली तिच्या तोंडाला लावली. पाणी आत गेलं, घसा हलला, बाटली संपली. "पाणी," ती पुन्हा म्हणाली. आवाजाला कोरड होती, जसा वाळलेल्या पानांवर पाय पडावा.

कॅशियरबाई तिच्याशेजारी मातीत बसल्या. हाक मारली तर दहा माणसं धावून आली असती, डॉक्टर आला असता. पण गेल्या वर्षीही डॉक्टर आलाच होता. त्यांनी पदराने मुलीचं तोंड पुसलं. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि हात पुढे केला. बँकेच्या खिडकीतून करत तसा, तळवा वर.

"द्या," त्या म्हणाल्या. "नोट द्या. मी घेते."

काही झालं नाही. वारा पडलेला होता.

"चुकलं माझं. द्या ना, बाई... हिला सोडा."

तळव्यावर काहीतरी ठेवलं गेलं. दिसलं काहीच नाही. पण तीस वर्षांत किती लाख नोटा या हातातून गेल्या असतील. हाताला नोट कळते. उबदार, घामाने मऊ झालेली, चार घड्या पडलेली. त्यांनी मूठ मिटली.

मग त्या धावल्या. साठीला आलेली बाई, चपला सुटल्या तरी थांबली नाही. बर्फवाल्याने न विचारता ग्लास भरून दिला. तो दोन्ही हातांनी सांभाळत त्या परत आल्या आणि भिंतीच्या कडेला, मुलीपासून हातभर अंतरावर, जमिनीवर ठेवला.

"घ्या. पैसे पोचले तुमचे."

ग्लासातलं पाणी हललं. मग एका बाजूने जरासं उतरलं. थांबलं. पुन्हा उतरलं. कुणीतरी मोठ्या शिस्तीचं माणूस घोट घोट, मध्ये श्वास घेत पीत होतं. कॅशियरबाई मुलीचा हात धरून बघत राहिल्या. शेवटचा घोट गेला तेव्हा तळाशी थेंबसुद्धा राहिला नाही. वास विरला. शेजारी धाकटीने मोठा सुस्कारा सोडला.

"पुरे," ती म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर मान टाकली.

स्टॉलवर दाढीवाला आणि बाकीचे जमिनीवर बसून पोटं धरून कण्हत होते. पोट गच्च झालंय, म्हणत होते. तहान कुणालाच नव्हती. औषधांच्या तंबूतल्या डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा उकळत होता. धाकटी आंघोळ करून आली, खुर्ची ओढून बसली. रंग परतला होता. कॅशियरबाईंनी कप तिच्यापुढे ठेवला आणि पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "जा तू त्या नोकरीला. मी नाही अडवत."

"खरंच?"

"खरंच. शनिवार-रविवारी येत जा, म्हणजे झालं."

मागून हसल्याचा आवाज आला. कपात साखर ढवळल्याचा आवाज आला. कॅशियरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं आणि गॅस बंद केला.

"एक विचारायचं होतं," धाकटी म्हणाली.

"विचार की."

"नोट परत केल्यावर शेडमागे नळ आहे म्हणून सांगितलं होतं. बोट दाखवून."

कॅशियरबाई वळल्या नाहीत. मागची रांग तेव्हा कुरकुर करत होती, आणि त्या बाई काही केल्या हलत नव्हत्या. त्यांना घालवायचं म्हणून दाखवलं होतं बोट. नळ दोन दिवस कोरडा होता. त्याच सकाळी कॅशियरबाईंनी स्वतः फिरवून पाहिला होता. हे त्यांनी जबाबात लिहिलं नव्हतं. बर्फवाल्याला नाही, थोरलीला नाही, देवासमोरसुद्धा नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि धाकटीने गेल्या वर्षी मैदानावर पाऊलही ठेवलं नव्हतं.

ढवळायचं थांबलं. चमचा बशीत ठेवला गेला, हळू, नीट, शिस्तीने.

"तो नळ कोरडा होता," मुलीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. "तुम्हाला माहीत होतं ना?"