सुमेधाच्या मापाचं कापड

सुमेधाला कापडाचा रंग नको होता, पोतही नको होता. बिनतारी लहरींना कापड किती रोखतं आणि किती पिऊन टाकतं, एवढंच तिला मोजायचं होतं. ते कळलं की त्या मापानं अँटेना बेतायची आणि बंडीत शिवायची. बंडी तिच्या वडिलांची, सर्जेरावांची. निवृत्त मास्तर. हल्ली त्यांना रस्ते आठवत नसत. मागच्या महिन्यात थेट शहागडच्या पुलावर सापडले, तेही एका ट्रकवाल्यानं चहा पाजून बसवून ठेवलं म्हणून. दर वेळी असा ट्रकवाला कुठून मिळणार? बंडी सोबत असली, तर माणूस कुठं आहे ते घरबसल्या कळलं असतं.

म्हणून ती मस्तगडच्या बाजारात राधेश्यामच्या कापडदुकानात गेली.

"मांजरपाट द्या काका, कोरा. कात्री लावू नका, हातानं फाडा."

कात्री तिरकी जाते, फाडलं की कापड सुतात सरळ येतं. तिचा हिशेब एवढाच. पण राधेश्यामचा हात थांबला. कोरा मांजरपाट, तोही बिनकात्रीचा, लोक कशासाठी नेतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यानं आवाज खाली आणला.

"कोण गेलं, बाई?"

सुमेधाला हसू आलं. "कुणी न्हाई हो. माझ्यासाठीच नेऊन राह्यले."

"असं बोलू न्हाई."

"मंग कसं बोलू? माझ्या उंचीएवढं फाडा, जल्दी."

त्यानं तिला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि मीटरपट्टीला हात न लावता टर्रकन फाडलं. घडी तिच्या हातात न देता फळीवर ठेवली. "हे आम्ही परत घेत न्हाई," एवढंच म्हणाला.

रविवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती वडिलांनाही घेऊन आली. मदतीला सहकारी शीतल होती. कापड भट्टीत सुकवलं, कारण ओलावा मापाला खोटं पाडतो. मग टेबलावर पसरून वर तांब्याची पट्टी, म्हणजे अँटेना, ठेवली आणि केबलनं यंत्राला जोडली. यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटते, रेघेत एक खळगा पडतो. माणूस चिकटला की खळगा डावीकडे सरकतो. यंत्राच्या लेखी माणूस म्हणजे पाण्याची घागर.

खळगा पडला तो डावीकडेच.

"टेबलाला टेकलीस का गं?" सुमेधानं विचारलं.

"मी इथं दाराशी हाय, माय. चष्मा पूस."

जीन्सचं कापड ठेवलं. खळगा बराबर जागेवर. पुन्हा मांजरपाट. खळगा डावीकडे, आणि आता तो संथपणे हलत होता, झोपलेल्याची छाती हलावी तसा.

शीतलनं केबल बदलली. तरी हलत राहिला.

सुमेधानं ते कापड पट्टीसकट स्वतःच्या दंडाला गुंडाळलं. खळगा उजवीकडे गेला. मोकळ्या हवेत असतो, तिथं जाऊन थांबला.

"तुझा हात कुठं गेला?" शीतल हसली.

सुमेधानं मांजरपाट सोडून टेबलावर पसरला. "जीन्स दे."

जीन्स शीतलच्या दंडावर. खळगा शहाण्यासारखा डावीकडे.

जीन्स सुमेधाच्या दंडावर. खळगा पुन्हा मोकळ्या हवेच्या जागी.

तिनं दुसरा दंड लावला. तळवा लावला. मग गाल.

हवा.

शीतलनं खुर्ची मागं घेतली.

खिडकीपाशी बसलेले सर्जेराव उठले.

"नाना, बसा. निघूच आपण," सुमेधा म्हणाली.

ते तिच्यासमोरून गेले, तिच्याकडे न बघता. टेबलावरच्या मांजरपाटाचं टोक त्यांनी सारखं केलं, पोराच्या अंगावरचं पांघरूण करावं तसं.

"सुमे, ऊठ," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत आवाज इतका ठणठणीत नव्हता. "घरचा रस्ता मला ठाऊक हाय."

त्यांनी मांजरपाटाकडे हात पुढं केला, जरा थांबले, मूठ अलगद मिटली, आणि दाराकडे निघाले.

"नाना!" सुमेधा ओरडली. त्यांनी मान वळवली नाही.

"काका, एकटे कुठं निघालात?" शीतलनं विचारलं.

"एकटा कुठं?" सर्जेराव हसले, आणि उंबरा ओलांडताना त्यांनी मूठ जराशी सैल केली, आतली बोटं दुखू नयेत म्हणून.