तळ्यावरची उडी

शरयू तांबटला या स्पर्धेतून मिळण्यासारखं एकच होतं: कृत्रिम वाऱ्यात पंख तपासायचा वातबोगदा, वर्षभर. ज्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं वारा मोजला, ती निवृत्तीच्या संध्याकाळी तिच्यासाठी बंद झाली. डोक्यातला लवचिक पंख अर्धाच राहिला, आणि बोगद्यात तपासल्याशिवाय तो पुरा होणार नव्हता. स्पर्धा जिंकणाऱ्याला मात्र तिथला बोगदा बारा महिने खुला. वय कोणी विचारत नव्हतं. विमान घरी बांधलेलं हवं, बिनइंजिनाचं, रेडिओवर चालवायचं, आणि सगळ्यांत शेवटी उतरायला हवं.

तेव्हा जेवणाच्या टेबलावर तीन मीटरचा पंख आला आणि ताटं मांडीवर गेली. तापल्या तारेने कापलेला थर्मोकोल, त्यावर घरच्या इस्त्रीने ताणून बसवलेला प्लास्टिकचा पापुद्रा. धड म्हणजे नवऱ्याची, रघुवीररावांची, मासे धरायची गळकाठी.

“माझे सदरे कशाने इस्त्री करायचे?” रघुवीररावांनी विचारलं.

“तुम्हाला कुठे उडायचंय?”

मार्चच्या पहिल्या फेरीत हे गळकाठीचं विमान सगळ्यांना पुरून उरलं. दुसऱ्याच दिवशी नचिकेत बेडेकर घरी आला. एकेकाळी तो तिच्या हाताखाली होता. आता एका बड्या उड्डाण कंपनीत, आणि स्पर्धेत तिच्या विरुद्ध.

“मॅडम, माझ्या विमानात चार उष्णनेत्र आहेत. वर चढणारा गरम हवेचा खांब ते दोन किलोमीटरवरून हेरतात. तुमच्यात एकही नाही. मग खांब तुम्हाला सापडतो कसा?”

“मला कुठे सापडतो? तुला सापडतो. तुझं विमान बोंब मारतं, माझं ऐकतं.”

टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येक विमानाने दर सेकंदाला आपली जागा आणि चढ रेडिओवर सांगायचा, असा कायदा होता. याला सगळे चढ-हाक म्हणत.

“घारी दुसरं काय करतात? एक चढायला लागली की बाकीच्या तिकडे,” शरयू रंगात आली. “शोधायला जड यंत्रं लागतात, ऐकायला सुपारीएवढा रेडिओ. वाचलेल्या वजनामुळे मी तुझ्यापेक्षा सावकाश खाली येते.”

बेडेकरने शेवटची शंकरपाळी उचलली, नमस्कार केला आणि गेला.

“सांगून बसलीस ना सगळं?” रघुवीरराव म्हणाले.

शरयूने जीभ चावली. एकतीस वर्षांत तिला ‘कसं केलंत’ असं कोणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा विचारलं, आणि बाई वाहवत गेल्या.

एप्रिलमध्ये पठारावर अंतिम फेरीची वजनं झाली, तेव्हा तिने काट्यावरचे आकडे दोनदा वाचले. बाकीची दहाही विमानं हलकी झाली होती. बेडेकरला गुपित पचलं नव्हतं. सगळ्यांनी उष्णनेत्र काढून सुपारीएवढा रेडिओ बसवला होता.

“आता गं?” रघुवीररावांनी विचारलं.

शरयू पुटपुटली, “अकरा जण ऐकणार. मग शोधणार कोण?” आणि तिच्या चेहऱ्यावर रंग परतला.

अकरा विमानं उडाली आणि एकमेकांच्या हाकेची वाट बघत, भिडस्त पाहुण्यांसारखी घिरट्या घालत बसली. शोधत कोणीच नव्हतं. सगळी मिळून खाली येत होती.

एका बाजूला तापलेला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला थंडगार तळं. शरयूने ऐकणारा रेडिओ बंद केला, विमान तळ्यावर नेलं, नाक खाली करून पंचवीस मीटर सूर मारला आणि त्याच वेगावर दहा मीटर वर खेचलं. चढ-हाक गेली: मी चढतंय. अक्षरशः खरी. हाक फक्त उंची वाढल्याचं सांगते. हवेने उचललं की स्वतःच्या वेगाने, हे तिला कोणी सांगायला लावलेलंच नव्हतं.

नऊ विमानं तळ्याकडे वळली. बेडेकरचा अंगठा रिमोटच्या कळीवर थांबला. “गार पाण्यावर हवा वर कशी जाईल?” तो स्वतःशीच म्हणाला. मग, “पण नऊ जण वेडे थोडेच असतील?” दहावं विमानही गेलं.

तोवर शरयू कातळावर पोचली होती. उजव्या पंखाचं टोक आपोआप उचललं गेलं. म्हणजे खांब उजवीकडे. ती तिकडेच वळली आणि विमान वर, आणखी वर, ठिपक्याएवढं झालं. आताची हाक कातळावरून येत होती, सगळ्यांनी ऐकलीही. पण परतायला लागणारी उंची तळ्यावरच्या उतरत्या हवेने खाल्ली होती. एकामागून एक दहा विमानं पाण्यात बसली.

“मॅडम, फसवलंत!” गुडघाभर पाण्यातून बेडेकर ओरडला.

“एक आकडा खोटा दाखव, बोगदा तुझा!”

त्याने काठावर बसून, ओल्या पँटने, पंचांची सगळी नोंद वाचली. एकही सापडला नाही.

बावन्न मिनिटांनी शरयूचं विमान तिच्या पायाशी उतरलं आणि वातबोगदा वर्षभर तिचा झाला. त्या उडीत तिची गेली पंधरा मीटर उंची. बाकी दहा जणांनी होती नव्हती तेवढी तळ्याला दिली, आणि तीही कोणी न मागता.