खिडकीतला रेडिओ

"आमच्या माडाला फास कुणी लावला?"

कुमुदनं इतक्या जोरात विचारलं, की माडाखाली बसलेला तरुण दचकून उभाच राहिला. मांडीवरची लाकडी पेटी घसरली, ती त्यानं पोटाशी धरली, आणि पेटीतले बुवा कशाचीही पर्वा न करता भैरवी आळवत राहिले. वर माडाच्या शेंड्याशी भागोजी गडी तारेत पाय अडकून बसला होता.

"बाय, ही तार कसली हाय? माजा पाय सुटत न्हाय!"

"फास नाही... एरियल आहे," तरुण म्हणाला. "मी विश्वंभर. रेडिओ तपासतो."

"दुसऱ्याच्या वाडीत?"

"दुसऱ्याच्या वाडीतच चांगला लागतो हो!"

रागवायला आलेली कुमुद हसत सुटली. तिथंच तिचं चुकलं असं कुणी म्हणेल. पण विशीच्या मुलीनं हसू नये तर मग कुणी हसावं?

स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती आणि किहीमला अजून वीज नव्हती. ट्राम नाही, गिरणी नाही. त्यामुळे बॅटरीवर लावलेल्या रेडिओचा आवाज कसा धुतल्यासारखा स्वच्छ यायचा. विश्वंभर त्यासाठीच मुंबई सोडून आला होता. तिथल्या एका रेडिओच्या दुकानात मालक सांगेल त्या संचाची तारीफ करून करून तो विटला होता. आता त्याला मासिक काढायचं होतं. नाव 'नादपारख'. रेडिओ, ग्रामोफोन, जे जे वाजतं ते ते ऐकायचं आणि खरं काय ते लिहायचं. जाहिरात घ्यायची नाही, कारखानदाराकडून भेटवस्तू घ्यायची नाही. चालायचं ते फक्त वर्गणीदारांच्या जिवावर.

"आणि वर्गणीदार नाहीच मिळाले तर?" कुमुदनं विचारलं.

"मग तुमच्या माडावर चढून नारळ पाडीन."

दादांनी, म्हणजे कुमुदच्या वडिलांनी, त्याला ओटी आणि बाजूची खोली दिली. घरात रोजच्या बातम्या ऐकायला मिळणार, यावर ते खूश होते. आनंदीबाई मात्र कपाळाला आठ्या घालून होत्या. कुमुदची आई गेल्यापासून या आत्यानंच तिला वाढवलं होतं, आणि तरण्या पोराला ओटी देणं म्हणजे काय, हे त्यांना दादांपेक्षा बरं कळत होतं.

'नादपारख' निघालं. अलिबागच्या छापखान्यातून अंक यायचे, कुमुद त्यांवर पत्ते लिहायची. सातारा, जळगाव, सोलापूर... कुठल्या कुठल्या गावचे मास्तर, वैद्य, वाचनालयांचे चिटणीस. विकत घ्यायचा तो रेडिओ विश्वंभरच्या शब्दावर घ्यायचे बिचारे. बाजारात दुसरं कोण खरं सांगत होतं!

परीक्षेची रीत विश्वंभरनंच घालून दिली होती. सगळे संच माजघरात, बंद खिडकीच्या आत ठेवायचे, कारण सोलापूरच्या माणसाला किहीमच्या खाऱ्या वाऱ्याशी काय करायचंय? परीक्षेच्या दिवशी सगळ्यांवर चादरी टाकायच्या, म्हणजे आत कुणाचा संच आहे ते ऐकणाऱ्याला कळू नये. आणि ऐकणारी असायची कुमुद, कारण तिचा कान तिखट होता.

"डोळे मिटा," तो म्हणायचा.

"आणि मला झोप लागली तर?"

"तर तो संच उत्तम, असं लिहीन."

ती डोळे मिटायची. चादरीआडून गाणं यायचं, आणि कळ फिरवणाऱ्या त्याच्या हाताची चाहूलही.

"कसा वाटला?"

"जवळ आल्यासारखा..."

"आवाज ना?"

"आवाजच! दुसरं काय?" ती म्हणायची आणि डोळे उघडायलाच विसरायची.

ज्येष्ठात एक संच आला. करणारे यज्ञेश्वरपंत मूळचे जवळच्याच थळचे. गिरगावातल्या चाळीत दोन माणसं हाताशी घेऊन रेडिओ बनवायचे. नाव मोठं नव्हतं, पण आवाज... कुमुदनं पहिल्यांदा ऐकला आणि तिच्या अंगावर काटा आला. दुपारी दादा निजले की ती तो हळूच लावायची. माजघराची समुद्राकडची खिडकी ओटीला लागून होती, आणि खिडकीपलीकडे विश्वंभर समुद्राकडे तोंड करून, खिडकीला तिरपा लिहीत बसलेला असायचा. तिनं खिडकी उघडली, संच फळीवर ठेवला. गाणं ओटीवर गेलं. विश्वंभरनं लिहिता लिहिता मान वर केली... आणि स्वतःशीच हसला. गजाआडून तिनं ते हसू पाहिलं. मग काय, ते हसू रोज हवंसं झालं. बाहेर आषाढ कोसळत होता, लाटांचे तुषार वाडीपर्यंत येत होते, आणि खिडकी रोज दुपारी उघडी राहत होती. संध्याकाळी ती संच पुसून जागेवर ठेवून द्यायची. विश्वंभरला वाटायचं, संच आतच वाजतोय.

श्रावणात परीक्षा झाली. एका चादरीखालून नुसती खरखर आली.

"शी! हा तर दमेकरी म्हातारा," कुमुद म्हणाली.

विश्वंभर मनापासून हसला. तिचे शब्द त्यानं जसेच्या तसे छापले आणि खाली यज्ञेश्वरपंतांचं नाव घातलं. अंक हाती आला तेव्हा ते नाव वाचून कुमुदला रोजची उघडी खिडकी आठवली. पण संच मुळातच कच्चा असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. समजूत घालायची म्हटली की माणसाला काय कमी असतं!

पावसाळ्यानंतर मुंबईहून रेवसला येणाऱ्या लाँची सुरू झाल्या, आणि एके दिवशी यज्ञेश्वरपंत स्वतःच आले. पांढरी टोपी, बारीक अंगलट. ना राग, ना आवाज.

"माझी माणसं घरी पाठवली मी," ते म्हणाले. "नवी मागणी नाही, आधीची होती तीही लोकांनी मागं घेतली. तुम्ही लिहिलंत ते खरं असेल तर तक्रार नाही. फक्त... संच एकदा उघडून पाहू द्या."

त्यांनी मागची फळी काढली. आत जोडांवर हिरवट गंज चढला होता, तारांवर मिठाची पांढुरकी पूड.

"हा वाऱ्यावर होता," ते हळूच म्हणाले.

"माझ्याकडे संच वाऱ्यावर नसतो!" विश्वंभर ताडकन म्हणाला. मग त्यानं पुन्हा आत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "नाही... तुमचंच खरं. चूक माझी. कशी झाली ते कळत नाही, पण माझीच."

दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या कुमुदनं कपबशा खाली ठेवल्या. गप्प राहिली असती तर निभावलंही असतं.

"मी ठेवला होता," ती म्हणाली. "खिडकीत. रोज दुपारी, खिडकी उघडून."

"का?" विश्वंभरला खरंच कळेना. "तुम्हाला तर सगळे नियम ठाऊक होते. का, कुमुद?"

"तुम्ही ओटीवर बसता म्हणून..." तिनं खिडकीकडे पाहिलं. "गाणं लागलं की तुम्ही हसता, म्हणून."

यज्ञेश्वरपंतांनी मान खाली घातली. विश्वंभर तिच्याकडे बघत राहिला. हेच ऐकण्यासाठी तो वर्षभर झुरत होता, आणि ऐकायला मिळालं ते असं, एका माणसाचा संसार उघड्यावर पडल्यावर.

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर त्यानं माफी छापली. संपादकाच्या निष्काळजीपणामुळे संच खाऱ्या वाऱ्यात राहिला, परीक्षण खोटं ठरलं.

"माझं नाव घाला," कुमुद म्हणाली होती.

"पोरीचं नाव छापलंस तर याद राख!" आनंदीबाई कडाडल्या. त्या न कडाडत्या तरी त्यानं छापलं नसतंच.

वर्गणीदार भांडले नाहीत, सज्जन माणसं ती. फक्त वर्ष सरल्यावर कुणी नवी वर्गणी पाठवेना. ज्याचा शब्द हाच माल, त्याचा शब्द एकदा नासला की उरतं काय? आणि यज्ञेश्वरपंतांची मागणीही माफीनं परतली नाही. दमेकरी म्हातारा लोकांच्या लक्षात राहिला, माफी कुणी वाचलीच नाही. 'नादपारख' बंद पडलं.

विश्वंभर निघाला त्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर आनंदीबाई मुद्दाम मागं रेंगाळल्या. तेवढी माया त्यांच्यात होती.

"पंतांचे रेडिओ घेऊन गावोगाव फिरणार आहे," विश्वंभर म्हणाला. "ज्या ज्या गावात अंक गेला, त्या त्या गावात. त्यांचा कारखाना उभा राहीपर्यंत."

"म्हणजे विकणार? तुम्ही?"

"हो, तारीफ करून करून." तो हसायला गेला, पण जमलं नाही.

"आणि परत येऊन पुन्हा मासिक..."

"नाही कुमुद. तुम्ही शेजारी असलात तर मला कुठलाही रेडिओ गोडच लागेल. असल्या माणसानं परीक्षण लिहू नये."

"आणि शेजारी नसले तर?"

"तर मला काही ऐकूच येणार नाही."

तिला रडू आवरेना. "माझं प्रेम आहे तुमच्यावर," ती सरळ म्हणाली. "हे आधीच तोंडानं सांगितलं असतं, तर खिडकी उघडावी लागली नसती."

"मीही बोललो नाही. नुसता ऐकत बसलो."

लाँचवाल्यानं हाक दिली. तो चढला, कठड्याला धरून उभा राहिला. दोर सुटला, पाण्याची पट्टी रुंद होऊ लागली. तो तिच्याकडेच बघत होता. तिनं नुसता हात वर करायचा अवकाश, त्यानं पाण्यात उडी टाकली असती. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पलीकडे गिरगावात यज्ञेश्वरपंत त्याची वाट बघत होते, हेही ठाऊक होतं.

तिनं दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले, आणि लाँच दिसेनाशी होईपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.