रुमालाखालचे चार आकडे

सुलोचनाच्या नवऱ्याचं पत्र दिवाळीपासून आलं नव्हतं, आणि तरी तो जिवंत असल्याची खात्री लंडनचे पोलीस देत होते.

"कशावरून?" इंगोले वकिलांनी विचारलं.

"कार्डावरून," ती म्हणाली.

खिडकीपाशी बसलेल्या नानाजींनी चष्मा पुसायला घेतला. नानाजी म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. इंगोल्यांनी कोर्ट सोडून खाजगी तपास सुरू केला, तेव्हापासून शेजारधर्म म्हणून ते प्रत्येक प्रकरणाला हजर असत आणि प्रत्येक वेळी भलत्याच माणसावर संशय घेत. १९८६ सालच्या वर्ध्यात क्रेडिट कार्ड ही चीज त्यांनी फक्त ऐकली होती.

सुलोचनानं समजावून सांगितलं. तिचा नवरा डॉक्टर चंद्रभान भोयर, सिंदी रेल्वे गावचा. सेवाग्रामला शिकला, लंडनच्या दवाखान्यात लागला. तिथल्या बँकेचं कार्ड दाखवलं की दुकानदार माल देतो, पावतीवर सही घेतो आणि कार्डावरच्या सहीशी ताडून पाहतो. शिवाय भिंतीत बसवलेल्या यंत्रातून त्याच कार्डावर रोकड निघते. यंत्राला सही लागत नाही, चार आकड्यांचा गुप्त नंबर लागतो.

"दिवाळीपर्यंत दुकानात खर्च होये, रोकडही निघे. मंग निरी रोकड, दुकानात काहीच नाई. कधी लंडनात, कधी दुसऱ्या गावी. संक्रांतीनंतर तेही बंद. पोलीस म्हणतात, माणूस आपल्या मर्जीनं फिरून राह्यला, आमी काय करावं?" तिनं पदर सावरला. "सासूबाई म्हणतात, तो दुसऱ्या बाईपायी गेला, तुले नवरा टिकवता नाई आला. वकीलसाहेब, ते मले सोडून गेले का त्यायचं काही बरंवाईट झालं, इतकंच मले सांगा."

यातलं कुठलं उत्तर तिला हवं असेल, हे नानाजींना ठरवता येईना.

"तो नंबर तुम्हाला माहीत आहे?"

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर ऊन पडल्यासारखं झालं. "आहे. आकडे त्यायच्या ध्यानात राहत नाई. सासरे सिंदीच्या बाजारात बैलाची दलाली करत. तिथं भाव तोंडानं बोलत नाईत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. यायलेही तीच सवय. यंत्रापुढं उभं राहून रुमालाखाली आपलीच बोटं दाबून पाहत, मंग आकडे आठवत. मागं आले तवा मलेही तसाच शिकवला, आगगाडीत." तिनं पिशवीतून एक चौकड्यांचा रुमाल काढला. "हाच रुमाल. घरी राहून गेलता."

इंगोल्यांनी तो मागून घेतला.

चंद्रभानसोबत लंडनला एकाच घरात जिल्ह्यातलेच दोघं राहत. दोघंही संक्रांतीनंतर सुट्टीवर आले होते आणि परवा परत जाणार होते. इंगोल्यांनी दुसऱ्या दिवशी दोघांना एकामागून एक बोलावलं.

आधी आला दामोदर वानखेडे, नाचणगावच्या शाळामास्तरांचा मुलगा. सगळा वेळ त्याचे हात कोटाच्या खिशात होते.

"शेवटचे कधी भेटलात?"

"दिवाळीच्या आदल्या दिवशी. भांडण झालं आमचं. तो म्हणे, सुलोचनाले आणाले चाललो, खोली खाली कर. मी म्हणलं, काऊन करू? दिवाळीच्या रात्री मी कामावर गेलतो. परत आलो तं तो नव्हता. त्यानंतर पाह्यलाच नाई."

"पोलिसांना भांडणाचं सांगितलंत?"

"नाई." त्यानं मान खाली घातली.

तो गेल्यावर नानाजी कुजबुजले, "हाच. खिशातले हात पाहिलेत ना?"

"थंड देशातून आलेला माणूस आहे, नानाजी. खिशात हात घालणारच."

दुपारी शेषराव काकडे आला. शेजाऱ्यांकडे सरकीची पोती घेऊन एक बैलगाडी आली होती आणि तिनं फाटक अडवलं होतं. गाडीवान येईपर्यंत शेषरावनं सहज एका बैलाचा ओठ वर करून दात पाहिले आणि "जुळला," म्हणजे सगळे दात आले, असं पुटपुटत तो आत आला. बोलायला मोठा गोड.

"तुमचं घर शेतकऱ्याचं?"

"नाई जी. आमच्या घरी कोणी बैलाच्या शेपटीले हात नाई लावला. मामाजवळ वाढलो मी, किराणा दुकान होतं त्यायचं."

"चंद्रभानला शेवटचं कधी पाहिलंत?"

"दिवाळी होऊन आठ-पंधरा दिवस झाले असन. हा कोट पहा." त्यानं अंगावरच्या भारी लोकरी कोटावरून हात फिरवला. "त्यानंच घेऊन देल्ला. मोठ्या दुकानात गेलतो, कार्ड टाकलं, ऐटीत सही केली. म्हणे, शेष्या, मी आता एका बाईसंगं चाललो, घरी सांगजो नको. तुमीच सांगा, अशा मानसाले काय म्हणावं?"

नानाजींना त्याची दया आली. इंगोल्यांच्या कपाळावर मात्र आठी पडली. ती आठी पडली की कुणाच्या तरी घरी चूल पेटत नाही, हे नानाजी अनुभवानं शिकले होते.

संध्याकाळी दोघांना पुन्हा बोलावणं गेलं. दोघांचं बोलणं इंगोल्यांकडून ऐकून सुलोचना आतल्या दाराशी बसली होती.

"एक गंमत करू," इंगोले म्हणाले. त्यांनी दामोदरचा हात धरला, वर चौकड्यांचा रुमाल टाकला. दामोदर दचकला आणि गुदगुल्या झाल्यासारखा हात ओढून घेतला. "हे काय साहेब?"

मग त्यांनी शेषरावचा हात धरला. रुमाल टाकला. "बाहेरचा तो बैल जुळलेला आहे ना?" बोलता बोलता त्यांनी त्याची दोन बोटं दाबली.

रुमाल हलला. उलट शेषरावनं त्यांची तीन बोटं दाबली होती. तोंडानं "काय करून राह्यले साहेब?" हे त्यानं नंतर विचारलं.

"तुम्ही माझा भाव वाढवलात, शेषराव. मामांचं दुकान किराण्याचं नव्हतं."

शेषरावनं हात मागे घेतला.

"दिवाळीपासून त्या कार्डावर एकही खरेदी झाली नाही," इंगोले शांतपणे म्हणाले. "का? कारण दुकानात सही लागते. यंत्राला लागत नाही. कार्ड वापरणाऱ्याकडे नंबर होता, सही करणारा हात नव्हता. ज्या हातानं सही होत होती, तो दिवाळीपासून नव्हताच."

इंगोले शेषरावकडे वळले.

"आणि तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर त्यानं सही करून कोट घेतला. अशी खरेदी झालीच नाही. तुम्हाला तो जिवंत दाखवायचा होता. रोकड निघते म्हणजे तो जिवंत आहे असं पोलीस समजत राहिले आणि तुम्ही गावोगाव रोकड काढत राहिलात. तुम्ही भारतात आलात आणि रोकडही थांबली."

"हा पण तवाच आला," शेषराव दामोदरकडे बोट दाखवत म्हणाला.

"आला. पण त्याला नंबर कसा कळणार? चंद्रभानला वाटायचं, रुमालाखाली आपली बोटं कुणाला दिसत नाहीत. नाहीच दिसत, फक्त दलालाच्या घरी वाढलेल्याला दिसतात. यंत्रापाशी शेजारी उभा असला, की नुसता रुमाल हलला तरी तो भाव ओळखतो. बैलाचे दात तुम्ही सवयीनं पाहिलेत. तेव्हाच मला हा रुमाल आठवला. बाहेर फौजदार बसले आहेत, शेषराव. तो कुठे आहे?"

शेषरावनं दाराकडे पाहिलं. "लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी त्याच्या कपाटातून कार्ड काढलं. तो मागं मागं आला, यंत्रापाशी धरलं मले. नदीच्या पुलावर झोंबाझोंबी झाली. तो कठड्यावरून गेला. पाणी काळंकुट्ट होतं. मी हाक नाई मारली कोणाले."

दामोदर भिंतीकडे तोंड करून रडू लागला.

सुलोचना उठली. नानाजींना वाटलं ती आता किंचाळेल. ती शेषरावपुढं येऊन उभी राहिली.

"ते मले आणाले निघाले होते ना?"

त्यानं होकाराची मान हलवली. "तिकीट काढलं होतं."

"म्हंजे सोडून नाई गेले," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला.

फौजदार शेषरावला घेऊन गेले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, टेबलावरचा रुमाल मागितला आणि ओट्यावर जाऊन बसली. रुमाल तिनं आपल्या डाव्या हातावर पसरला, उजवा हात खाली सरकवला. कापड हळूच हललं, थांबलं, पुन्हा हललं.

नानाजींनी नजर दुसरीकडे वळवली. ते आकडे दुसऱ्या कुणी मोजायचे नव्हते.