भावडी की घोडदांड

पावसाळा सरून डोंगर नुकते पिवळे पडायला लागले होते... सरिताला तो सोमवार अजून लख्ख आठवतो. कन्नड गावाच्या पुढं, घाटमाथ्यावरच्या शाळेत ती भूगोल शिकवत होती आणि दारात एक तरुण येऊन उभा राहिला – घामेजलेला, चष्मा नाकावर घसरलेला.

"मी सम्यक. शहरात, छावणी भागात राहतो. नकाशासाठी डोंगरांची नावं गोळा करतोय. पुस्तकात सगळी रांग नुसती सातमाळा-अजिंठा. पण लोक काय म्हणतात, ते हवंय."

सरितानं त्याची यादी वाचली आणि तिला हसूच फुटलं.

"अहो, भावडी आणि घोडदांड हे दोन डोंगर नाहीत! घाटाखालचे खानदेशी लोक भावडी म्हणतात, इथले घोडदांड. तुम्ही एकाचे दोन केले."

तो ओशाळला. "माझी आजी घाटाखालची. ती भावडीच म्हणायची... मग तेच लिहितो."

"व्हय का? आजीसाठी आमचं नाव पुसणार?"

भांडण लई रंगलं. मग तो दर आठवड्याला यायला लागला – कधी ओढ्याचं नाव विचारायला, कधी काहीच न विचारता.

यादी द्यायच्या आदल्या दिवशी वर्गाची सहल त्याच डोंगरावर गेली. सम्यकही आला. माथ्यावर गावातले म्हातारे सखारामबाबा गुरं चारत होते.

"बाबा, ही भावडी का घोडदांड?" सम्यकनं विचारलं.

"लेकरा, वर आल्यावर नावाचं काय काम? नाव लागतं लांबून दाखवायला."

पोरं खिदळली. एकीकडं काळं रान पसरलेलं, दुसरीकडं खोल खाली खानदेश. सम्यकनं नकाशावर एकाच टिंबाजवळ दोन्ही नावं लिहिली. वारा सुटला होता. सरिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"उद्या यादी दिली की पुढचं काम नांदेडला," तो हळूच म्हणाला. "मग इकडं यायला... निमित्त उरत नाही."

हेच वाक्य तो कधीतरी बोलेल, या भीतीत तिनं तीन महिने काढले होते.

"निमित्तच लागतं का तुम्हाला?"

"तुम्ही म्हणाल तर – नाही लागणार."

"मग रविवारी देवगाव रंगारीला, आमच्या घरी या. आई-पप्पा असतात."

"त्यांना काय विचारू?"

"भूगोल सोडून... काहीही."

एवढं बोलून ती झटकन उठली आणि पोरं मोजायला लागली. तीनदा मोजली. तिन्ही वेळा आकडा चुकला.