निवलेला आवाज

“अगं ए शेवंते! तुझ्या चुलीत मांजर निजलंय गं, तुझ्या तव्यावर माश्या बसल्यात गं!”

आईचा तो आवाज चैत्राली खताळच्या कानात अजून तसाच घुमत होता. श्रावणात एक दिवस ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहायच्या, हलगी कडाडायची, आणि त्या हात नाचवून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहायच्या. ‘बार’ म्हणत त्याला. या काठावर आई, त्या काठावर आईची सख्खी बहीण शेवंतामावशी. घसे बसेपर्यंत दोघी भांडायच्या, आणि दिवस कलला की तीच मावशी पुरणपोळ्या घेऊन ओढा ओलांडून यायची.

एका वर्षी मात्र मावशी काठावर आली आणि नुसती उभी राहिली. आईने चार शिव्या हासडल्या, तर तिकडून मवाळ, गुळगुळीत आवाज आला, “बरी आहेस ना, अनसूये?”

आईने हलगीवाल्याला हाताने थांबवलं. “ही शिवी देईना. हिच्या घरात कायतरी इपरीत झालंय.” आणि पदर खोचून ती सरळ पाण्यात शिरली. खरंच होतं ते. मावशीला नवऱ्याने घराबाहेर काढलं होतं, आणि तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता चैत्राली बसली होती ती नदी परिषदेच्या सभागृहावरच्या काचेच्या खोलीत. तिच्यासमोर ‘निववणी’ चालू होती; ती चालवणं हेच तिचं काम. दुधावर फुंकर घालून ते निववावं, तसं हे यंत्र माणसाचा आवाज निववायचं. बोलणाऱ्याचे शब्द क्षणात ऐकणाऱ्याच्या भाषेत जायचे, तेही बोलणाऱ्याच्याच आवाजात. फक्त वाटेत त्यातला राग गाळला जायचा. नदीच्या वरच्या अंगाचा तालुंग आणि खालच्या अंगाचा सेरात, या दोन शेजारी देशांनी करारच केला होता, की एकमेकांशी जे काही बोलायचं ते निववणीतून. भाषणं, फोन, धरणावरचे निरोप, सगळं. इतकी वर्षं एक खडाजंगी झाली नव्हती. लोक यंत्राचे गोडवे गात होते.

आणि तरी आज सीमेवरचा पूल बंद होता, राजदूत माघारी गेले होते.

तालुंगने धरणाचे दरवाजे उघडले, सेरातची काठावरची वस्ती वाहून गेली. सेरातचे अध्यक्ष ओरान भर चौकात, हजारो लोकांसमोर संतापले. माईक हातातून फेकला. तालुंगच्या घराघरात मात्र रेडिओवर तेच भाषण निववणीतून पोचलं होतं. तिथे ओरान शांतपणे, एकेक शब्द तोलून म्हणत होते, “याची किंमत तुम्हाला मोजावी लागेल.”

“माणूस चिडून ओरडला असता तर समजलो असतो,” तालुंगच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराचं बोलणं चैत्रालीने बातम्यांत ऐकलं होतं. “पण हा तर चहा पीत बसल्यासारखा बोलला. असं बोलणारा सगळं ठरवून बसलेला असतो.”

त्याच भीतीने तालुंगचं सैन्य धरणावर उभं होतं. आजची बैठक मोडली तर दरवाजे कायमचे बंद होणार, आणि सेरातची शेतं पाण्यावाचून करपणार.

“सर, मी ओरानांचा मूळ आवाज ऐकला,” चैत्राली विभागप्रमुख केळुसकरांना म्हणाली. “त्यात रागाच्या खाली हुंदका आहे. यंत्राला दोन्ही सारखेच वाटतात. राग काढताना त्याने रडणंही काढून टाकलंय. आज निववणी शून्यावर ठेवू या. शब्द बदलू देत, आवाज जसाच्या तसा जाऊ दे.”

“म्हणजे दोघांना आमनेसामने भांडू द्यायचं?”

“हो.”

केळुसकरांनी कपाळावर हात मारला. “बाई, किती वेळा सांगाल ती गोष्ट! हा तुमच्या गावचा ओढा नाही. इथे शिव्यांनंतर पुरणपोळ्या येत नाहीत, रणगाडे येतात. करार मोडलात तर नोकरी सोडाच, तुरुंगात जाल.”

“आणि नाही मोडला तर?”

केळुसकरांनी काचेतून खाली बोट दाखवलं. खाली बैठक सुरू झाली होती.

ओरान उभे होते. मान ताठ, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. काचेपलीकडून त्यांचं ओरडणं नुसतं दिसत होतं. समोर तालुंगच्या पंतप्रधान इशेनबाई बाहेरचं काहीच ऐकू न देणारं यंत्र कानांना लावून, मान खाली घालून ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत चालला होता. त्यांच्या कानात तोच निवलेला, गुळगुळीत आवाज पडत होता. त्यांनी कागद गोळा केले. खुर्ची मागे सरकवली.

चैत्रालीच्या डोळ्यांसमोर आईच्या पदराचं खोचलेलं टोक आलं.

तिने निववणीची कळ शून्यावर आणून ठेवली.

“खताळबाई!” केळुसकर ओरडले. कळीकडे त्यांचा हात गेला, पण खाली बघताच तो हात हवेतच राहिला.

इशेनबाई दाराकडे निघता निघता थबकल्या होत्या. त्यांच्या कानात, आणि वरच्या खोलीतल्या कर्ण्यातही, कुणीतरी जिवाच्या आकांताने किंचाळत होतं.

“झोपेत मेली माणसं! झोपेत! तुम्हाला लाज नाही वाटत?”

“लाज?” इशेनबाई गर्रकन वळल्या, आणि त्यांचाही आवाज कसलीच गाळणी न लागता पलीकडे गेला. “धरण फुटलं असतं तर तुमचं अर्धं राज्य वाहून गेलं असतं! दरवाजे उघडताना माझा इंजिनियर लहान पोरासारखा रडत होता! आणि तुम्ही आम्हाला खुनी म्हणता?”

“खुनीच! खुनी!”

“मग तुम्ही काय करत होतात? बसला होतात कुठे?”

दोन्हीकडचे अधिकारी उठून उभे राहिले. रक्षकांचे हात कमरेला गेले.  हलगी थांबली की ओढ्यावर काय होतं, हे चैत्रालीला ठाऊक होतं; इथे काय होईल, हे नाही.

ओरान बोलायला गेले, आणि त्यांचा आवाज मधेच फाटला. तो फाटलेला आवाजही जसाच्या तसा पलीकडे गेला.

इशेनबाई दारापासून माघारी आल्या. मग खुर्चीची पाठ धरून, अगदी बसक्या आवाजात म्हणाल्या, “तुमचं कोण गेलं?”

 ओरान खाली बसले.

“बहीण,” ते म्हणाले. “थोरली. काठावरचं घर सोडायला तयार नव्हती.”

“माझ्या इंजिनियरने निरोप धाडला होता,” इशेनबाई हळूच म्हणाल्या. “ओरडून ओरडून सांगितलं होतं त्याने. काठ रिकामा करा, पाणी येतंय. तो निरोप तुमच्यापर्यंत पोचलाच नाही का?”

वर काचेच्या खोलीत चैत्रालीने केळुसकरांकडे पाहिलं. केळुसकर यंत्राकडे बघत होते. इतक्या वर्षांत या यंत्राने आणखी कुणाकुणाच्या किंकाळ्यांवर फुंकर घातली असेल?

ओरानांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. बोटांच्या फटींतून शब्द आले ते एखाद्या पोरक्या पोराचे असावेत तसे.

“पोचला होता. मी स्वतः ऐकला. जेवायला बसलो होतो. इतका शांत होता हो तो निरोप… मला वाटलं, सकाळी बघू.”